भिंत सारवली कुणी, सही कुणाची?



आमच्या हिर्डोशी खोऱ्यातल्या एका बचत गटापुढे सध्या एक प्रस्ताव आला आहे आणि त्यावरून गटात मतभेद आहेत. प्रश्न एका गटापुरता नाही, म्हणून तुमच्यापुढे मांडते आहे.

भोरहून महाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगानं गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईकडच्या लोकांची फार्म हाऊसेस झाली आहेत. या घरांच्या बागा आखून देणाऱ्या एक लँडस्केप डिझायनर बाई आहेत. हे काम करता करता त्या गोंड पद्धतीची चित्रं काढायला शिकल्या. शिंगांतून झाड फुटलेलं हरीण, पंखांत मासे भरलेला मोर, बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी भरलेली झाडं त्या बागेच्या भिंतींवर आणि कुंड्यांवर काढून देतात. निसर्गातून प्रेरणा घेतलेली पारंपरिक कला, असं त्या कामाचं वर्णन होतं आणि त्याला मागणीही आहे. आता त्यांचं म्हणणं असं, की गटातल्या दहा-बारा जणींना त्या हे काम शिकवतील. बायकांनी घरी बसून कुंड्या आणि कापडी पिशव्या रंगवायच्या आणि नगामागे पैसे घ्यायचे.

प्रस्ताव चांगल्या मनानं आला आहे, याबद्दल मला शंका नाही. भात निघालं की आमच्या भागात बायकांच्या हाताला काम नसतं. घरबसल्या चार पैसे मिळत असतील तर नाही कोण म्हणेल? तरीही बैठकीत एका बाईंनी विचारलं, "ताई, गोंड म्हंजी कोण? आन् त्यांची चित्रं आमी का काढायची?" दुसरीनं लगेच सुनावलं, "पैसं मिळत्यात तर काढायची. कुणाची का असंनात." हे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. त्यांचं उत्तर नीट शोधायचं तर थोडं मागे जावं लागेल.

या विषयावर दोन ठरीव उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक, कला सगळ्या जगाची असते, तिला जात आणि जमात कसली चिकटवता? दुसरं, आदिवासींची कला आदिवासींनीच करावी, इतरांनी तिला हात लावू नये. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सोडून दिलेली असते. ज्या भिंतीवर ही चित्रं जन्माला आली ती भिंत रोज सारवणारी बाई या वादात कुठंच नसते.

डिगना आणि कलम

आज जिला गोंड चित्रकला म्हणतात ती मुख्यतः मध्य प्रदेशातल्या परधान गोंडांकडून आली. गोंड आपल्या महाराष्ट्रातही आहेत, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या किनवट भागात. परधान हे गोंडांचे गाणारे. बाना नावाचं तंतुवाद्य वाजवून बडा देवाच्या आणि गोंड राजांच्या कथा यजमानांच्या घरी गायच्या, हे परधान पुरुषांचं काम. बायकांचं काम भिंतीचं. सणाला, लग्नाला घर सारवायचं आणि जमिनीवर, भिंतीवर रंगीत मातीनं आकृत्या काढायच्या. त्याला डिगना म्हणतात. आई आणि आजी काढत, पोरी बघून शिकत.

१९८० नंतर हे चित्र बदललं. भोपाळचं भारत भवन १९८२ साली सुरू झालं. तिथल्या कलासंग्रहालयासाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तरुण कलाकारांना खेडोपाडी पाठवलं होतं. त्यांना पाटनगढ गावात एका घराच्या भिंतीवर जनगढसिंह श्याम या परधान तरुणाचं काम दिसलं. जनगढ भोपाळला आला, कागदावर आणि कॅनव्हासवर चित्रं काढू लागला. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. ठिपक्यांची आणि रेघांची ती पद्धत त्यानं घडवली, देवांना आणि जनावरांना रूप दिलं, आणि गावातली, नात्यातली कितीतरी माणसं मागे उभी केली. या पद्धतीला 'जनगढ कलम' म्हणतात ते योग्यच आहे. २००१ साली जपानमध्ये एका संग्रहालयासाठी काम करत असताना त्यानं आत्महत्या केली. तेव्हा त्याचं वय चाळिशीच्याही आत होतं. आदिवासी कलावंताला जगभर नेणाऱ्यांनी त्याची काळजी किती वाहिली, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो आहे.

पण आपल्या विषयाकडे येऊ. पद्धतीला जनगढचं नाव मिळालं. डिगनाला कुणाचंच नाव नाही. तिथं सगळ्याच बायका काढत होत्या, म्हणजे कुणीच काढत नव्हतं!

याला अपवाद झाल्या, पण उशिरा. दुर्गाबाई व्याम सहाव्या वर्षापासून डिगना काढायला शिकल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. पुढे भोपाळला येऊन त्यांनी स्वतःचं नाव केलं. तारा बुक्सनं २००६ साली काढलेल्या 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' या पुस्तकात भज्जू श्याम आणि रामसिंह उर्वेती यांच्याबरोबर त्यांची झाडं आहेत. पती सुभाष व्याम यांच्यासह त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरचं 'भीमायन' हे चित्रमय पुस्तक रंगवलं, ते २०११ साली आलं. पाण्यासाठी माणसाला वेठीस धरणाऱ्या जातीची गोष्ट एका आदिवासी बाईनं मासे, पक्षी आणि झाडं यांच्या भाषेत सांगितली. पद्मश्री त्यांना २०२२ साली मिळाली, म्हणजे भारत भवन उघडल्यावर चाळीस वर्षांनी.

भुरीबाईंची गोष्ट तर आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्या झाबुआकडच्या भिल्ल. भिल्लांमध्ये पिठोरा काढण्याचा मान पुरुषांचा, त्यातले घोडे बाईनं काढायचे नाहीत. भुरीबाई भोपाळला आल्या त्या बांधकामावरच्या मजूर म्हणून, आणि ते बांधकाम होतं भारत भवनाचं. ज्या इमारतीत आदिवासींची कला मांडायची होती, तिच्यासाठी घमेली वाहताना स्वामीनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितलं. त्यांनी आपल्या घरच्या, रानातल्या गोष्टी काढल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आनंद वाटतोच, पण त्याच पायाडावर घमेली वाहणाऱ्या इतर बायकांना कुणी कागद दिला नाही, हेही मनात येतं.

आपल्या घरची गोष्ट: वारली

लांबच्या मध्य प्रदेशाबद्दल बोलणं सोपं असतं. आपल्या महाराष्ट्रात काय झालं?

डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या भागातल्या वारल्यांमध्ये लग्नाचा चौक सवाशिणी काढत. गेरूनं, शेणानं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाचं पाणी, हातात बांबूची काडी, मधोमध पालघट देवी. लग्न लावायचं तेही धवलेरीनं, म्हणजे बाईनंच. ती गाणार तेव्हा लग्न लागणार. बायकांच्या हातात इतका मोठा विधी असलेले समाज आपल्याकडे फार थोडे आहेत.

आणि याच लग्नाचं दुसरं अंग गोदावरी परुळेकरांनी लिहून ठेवलं आहे. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापायी नवरा-बायकोनं वर्षानुवर्षं त्याच्याकडे राबायचं. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ च्या वारल्यांच्या लढ्यानं ही वेठ मोडली. म्हणजे ज्या चौकाला आज आपण सुंदर म्हणतो, तो कित्येकदा गहाण पडलेल्या संसाराच्या भिंतीवर काढलेला होता. हे चित्र दिवाणखान्यात लावताना कुणी सांगत नाही.

१९७० नंतर भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले आणि चित्र कागदावर गेलं. बायका पुढे यायला लाजल्या, असं सांगितलं जातं. पुढे आले ते गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. त्यांच्या हातातल्या जादूबद्दल वाद नाही. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. पण त्यांच्यामागून वारली चित्रकार म्हणून जी नावं झाली, त्यात बहुतेक पुरुष आहेत. पैसा नसताना चित्र बायकांचं होतं. ते बाजारात गेलं, आणि बाजारात जाणारा, व्यापाऱ्याशी बोलणारा, प्रदर्शनासाठी मुंबईला राहू शकणारा पुरुष होता. रात्रीची एस.टी. चुकली तर बाईला काय काय ऐकावं लागतं, हे आपल्याला ठाऊक आहे. 'बायका लाजल्या' एवढ्यावर हा विषय संपवता येत नाही.

हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी बिहारच्या मिथिलेत गेले होते. १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला मंडळानं त्यांना तिकडे पाठवलं, बायकांना कागद देऊन रोजगार उभा करण्यासाठी. तिथं मात्र बायकांची नावं टिकली. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, पुढे सीता देवी, गंगा देवी यांची नावं देशभर झाली. माणूस तोच, युक्ती तीच, मग फरक का पडला? माझ्या मते एक कारण असं, की तिथं कागद घराच्या आत थेट बाईच्या हातात गेला आणि चित्र तिच्या नावानं घेतलं गेलं. अर्थात तिथंही पहिला कागद मिळाला तो ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बायकांना. दलित बायकांना आपली गोदना पद्धत घेऊन नंतर जागा मिळवावी लागली. तेव्हा बाई म्हटलं की सगळ्या एक, असंही नाही. पण कागद कुणाच्या हातात द्यायचा आणि पावती कुणाच्या नावानं फाडायची, हे ठरवता येतं, एवढं मिथिलेनं दाखवलं. ते आपोआप घडत नाही.

हौस आणि रीत

आता आमच्या डिझायनर बाईंकडे येते. त्यांनाही या गोष्टीत न्याय द्यायला हवा. त्यांच्या धंद्यात बाई थोड्या. साइटवरचा ठेकेदार काम त्यांच्याकडून समजून घेतो आणि पैशाचं बोलायला 'साहेब कधी येणार?' म्हणून विचारतो. बाग आखण्याच्या कामाला इंजिनिअरच्या कामाइतकी किंमत नाही, कारण झाडं-फुलं ही बायकांची आवड समजली जाते. त्या चित्रं काढतात, विकतात, तरी घरचे आणि गिऱ्हाईक म्हणतात, "छान हौस आहे हो तुम्हाला!"

शहरातल्या शिकलेल्या बाईच्या कामाला हौस म्हणतात. खेड्यातल्या बाईच्या कामाला रीत म्हणतात. सारवण ही रीत, नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचे ही रीत, गौरीची पावलं ही रीत. दोन्ही शब्दांचा उपयोग एकच. हौसेचे पैसे मागायचे नसतात आणि रीतीचेही नाही. या जागी डिझायनर बाई आणि आमच्या गटातल्या बाया एका रांगेत आहेत, आणि म्हणून त्यांच्याशी बोलणं शक्य आहे असं मला वाटतं.

पण रांग इथंच संपते. बाग आखून झाली की तिथली लॉन निंदायला, झाडांना पाणी घालायला येतात त्या आमच्याच बाया. त्यांना रोज मिळतो तो गड्याच्या रोजापेक्षा कमी. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, त्याचा पत्ता बंगल्याच्या फाटकाच्या आत कुणाला नाही. नगावर रंगवण्याचं काम आलं तर तीच गोष्ट दुसऱ्या रूपात येईल. बिडीच्या कामापासून पापड-मसाल्यापर्यंत घरबसल्या नगावरच्या कामाचा अनुभव आपल्या चळवळीला जुना आहे. माल नापास झाला तर नुकसान बाईचं, वेळेचा हिशोब नाही, घरातली पोरही हाताशी बसवली जाते, आणि वर 'घरबसल्या मिळतंय ना' हे ऐकायचं. त्या पिशवीवर गोंड हरीण आहे की कमळ आहे, यानं त्यात काही फरक पडत नाही.

निसर्ग कुणाचा?

या चित्रांच्या वर्णनात 'निसर्ग' हा शब्द फार येतो. गोंडांच्या लेखी निसर्ग म्हणजे काय, हे समजून घेतलं तर आमच्या भागाशी त्याचं नातं लक्षात येतं. गोंडांचा बडा देव साजाच्या झाडात राहतो. साजा म्हणजे आपला ऐन. आमच्या डोंगरात ऐन आहे, हिरडा आहे, आणि वनस्पतिशास्त्रात ऐन आणि हिरडा एकाच कुळातले भाऊ आहेत. इथं ऐनाच्या डहाळ्या तोडून राब भाजायचा आणि त्या राखेत भाताचं रोप टाकायचं. हिरडा गोळा करून वाळवायचा. म्हणजे हे झाड आमच्या बायांनाही ठाऊक आहे, डोक्यावरच्या भाऱ्याच्या वजनासकट.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं वर्षानुवर्षं आपलं जंगल राखलं आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. बांबू आपला आहे आणि तो आपण विकणार, हे सरकारला मान्य करायला लावायला त्यांना आणखी दोन वर्षं झगडावं लागलं. गोंडांसाठी झाड प्रेरणा देतं तसंच ते हक्काचं कारण आहे. भिंतीवर झाड काढायचं आणि या हक्काचा उच्चार करायचा नाही, तर त्यातलं निम्मं चित्र पुसलं जातं.

आमच्या खोऱ्यात निसर्ग कसा वागवला गेला? भाटघरचं धरण १९२८ साली पुरं झालं, नंतर नीरा-देवघर झालं. भोरची जमीन पाण्याखाली गेली आणि पाणी खालच्या तालुक्यांकडे गेलं. त्याच धरणाच्या वरच्या वाड्यांमधून बाया चैत्र-वैशाखात हंडे वाहतात, आणि खाली लॉनवर फवारे फिरतात. करवंदीच्या जाळ्या, कारवी, शिकेकाई जेसीबीनं साफ करायची आणि मग 'स्थानिक झाडांची बाग' म्हणून नर्सरीतून रोपं आणून लावायची, हेही आम्ही पाहिलं आहे. कुर्डू कुठं उगवते, भारंगीचा पाला केव्हा खुडायचा, कोणती वेल गुरांना चालत नाही, हे सांगणाऱ्या कातकरी बाईला त्या बागेत कुणी सल्लागार म्हणून विचारत नाही. तिला खुरपं देतात. महाराष्ट्र शासनाच्या यादीत कातकरी ही आदिम जमात आहे, कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर. म्हणजे भिंतीवर लांबच्या गोंडांची कला आणि भिंतीबाहेर जवळची कातकरी बाई मजुरीवर! हा विरोधाभास डिझायनर बाईंना मी बोलून दाखवला. त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "हे मला कुणी शिकवलंच नाही." त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला.

सही कुठं लागते?

आता ज्या गोष्टीवर हे सगळं उभं आहे, त्या जमिनीबद्दल. फार्म हाऊससाठी जमीन विकली जाते तेव्हा बाईची आठवण येते. माहेरच्या सातबाऱ्यावर तिचा हक्क निघतो म्हणून भाऊ गाडी करून न्यायला येतो, साडी-चोळी होते आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. पण हक्क सोडायला लावणं हीही आता रीत झाली आहे. चित्रावर कुणी बाईची सही मागत नाही. इथं मात्र सही हवी असते.

आदिवासी बायांची गोष्ट आणखी कठीण. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येऊ नये यासाठी जमीन महसूल संहितेत ३६ आणि ३६-अ ही कलमं आहेत, ती राखायलाच हवीत. पण हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे वारसाचा प्रश्न रूढीवर जातो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात निकाल दिला. आईच्या वडिलांच्या जमिनीत आईचा वाटा मिळावा, म्हणून तिच्या वारसांनी दावा लावला होता. खालच्या न्यायालयांनी सांगितलं, बाईला वाटा देण्याची रूढी तुमच्यात आहे हे सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयानं हे उलटं केलं. बाईला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ ती बाई आहे म्हणून तिला वाटा नाकारता येत नाही, तसं करणं समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असं सांगून समान वाटा दिला.

या निकालाची आणि आपल्या विषयाची गाठ मला अशी दिसते. भिंत रंगवायची असते तेव्हा रीत आहे म्हणून बाईकडून काम घेतात. जमीन वाटायची असते तेव्हा रीत नाही म्हणून तिला बाहेर ठेवतात. रीतीचा अर्थ दर वेळी कुणी दुसराच ठरवतो. गोंड बाईच्या कलेचं कौतुक करणाऱ्यानं तिच्या जमिनीच्या हक्कावरही तिच्या बाजूनं उभं राहावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

मग गटानं काय करावं?

माझं मत मी गटापुढे मांडलं आहे, इथंही मांडते. प्रस्ताव नाकारू नये. दुसऱ्यांची कला शिकणं हा गुन्हा नाही, आणि शहरातल्या बाईला जी मोकळीक आहे ती खेड्यातल्या बाईला नको, असं म्हणणारे आपण कोण? पण काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, शिकवायला गोंड चित्रकार बाईला बोलवावं आणि तिला गुरू म्हणून पूर्ण मानधन द्यावं. तो खर्च विक्रीच्या किमतीत धरावा. मध्य प्रदेशच्या गोंड चित्रांना २०२३ साली आणि वारली चित्रांना त्याआधी २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तेव्हा हिर्डोशीत रंगवलेली पिशवी 'अस्सल गोंड' म्हणून विकू नये. 'गोंड चित्रकाराकडून शिकून हिर्डोशीच्या बायकांनी काढलेली' असं सरळ लिहावं. खरं लिहिलं म्हणून माल विकला जाणार नाही, ही भीती मला पटत नाही.

दुसरी, काम नगावर असलं तरी दर वेळेच्या हिशोबानं ठरवावा. एक कुंडी रंगवायला किती तास लागतात हे गटानं स्वतः मोजावं आणि तेवढ्या तासांचा रोज गड्याच्या रोजाइतका धरावा. रंग, ब्रश, नापास माल यांचा खर्च बाईच्या माथी नको. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हावेत.

तिसरी, प्रत्येक वस्तूवर काढणारीचं नाव असावं. लिहिता येत नसेल तर तिनं स्वतःची खूण ठरवावी, पान, पक्षी, काहीही. वारलीत आणि डिगनात जे झालं ते इथं पुन्हा व्हायला नको.

चौथी, गोंड हरणाबरोबर आपलंही काही काढावं. कारवीचा कुड, इरलं, राबाचा धूर, भातलावणीची रांग आमच्या बायांनी आजवर कुठं रेखली नाही, कारण चित्र म्हणजे दुसऱ्याचं काहीतरी असा समज आहे. घरकुलाच्या सिमेंटच्या भिंती आल्या, सारवण गेलं, ते जाऊ दे. पहाटे उठून शेणानं हात भरायचे दिवस परत आणा, असं मी कधी म्हणणार नाही. पण त्या हातांना वळण आहे, ते कागदावर येऊ शकतं.

पाचवी गोष्ट डिझायनर बाईंसाठी. बागेच्या कामावर येणाऱ्या बायांचा रोज पुरुषांइतका ठेवण्याची अट त्यांनी ठेकेदाराला घालावी, आणि झाडांची माहिती देणाऱ्या कातकरी बाईला सल्ल्याचे पैसे द्यावेत. बागेचा नकाशा त्यांच्या हातात असतो, तेव्हा एवढं त्यांना करता येईल. त्यातल्या दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या आहेत. रोजाच्या अटीवर 'ठेकेदार ऐकणार नाही' असं त्या म्हणतात. तिथं त्यांना एकटीला लढायला सांगू नये, गटानं बरोबर जावं.

गटातल्या सगळ्यांना हे पटलेलं नाही. काहींना वाटतं, एवढ्या अटी घातल्या तर काम दुसऱ्या गावाला जाईल. ही भीती खोटी नाही. गरजू बाईला तत्त्वासाठी उपाशी राहा म्हणण्याचा हक्क मला नाही, माझा पगार ठरलेला आहे. म्हणूनच हा प्रश्न आसपासच्या सगळ्या गटांनी मिळून सोडवला पाहिजे. भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांतले गट एका दरावर ठाम राहिले तर काम कुठल्या गावाला जाणार?

तुमच्या भागात अशी कामं आली असतील, वारलीची, गोधडीची, भरतकामाची. दर कसा ठरवला, नावं कशी घातली, काय फसलं, काय जमलं, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. आमची पुढची बैठक भाताची कापणी झाल्यावर आहे. त्याआधी तुमचा अनुभव हाती आला, तर तो मी गटात वाचून दाखवणार आहे.